ढ कॉम्प्युटर

बिंदुमाधव कुर्लीकर सरांना एक ढ कॉम्प्युटर पाहिजे होता. हुशार कॉम्प्युटर शाळेत होतेच. कुठल्याशा कंपनीनं दिलेले आठ होते आणि आठही अतिशहाणे. सुरू केले की आधी पासवर्ड मागायचे, मग स्वतःचीच सुधारणा करत चाळीस मिनिटं बसायचे, आणि त्यांची सुधारणा होईतो तास संपायचा. कधी नशिबानं लवकर जागे झालेच, तर पोरं त्यांना गणिताचं उत्तर विचारायची आणि ते बिनदिक्कत सांगून टाकायचे. सरांचा राग होता तो यावर. चौतीस वर्षं गणित शिकवून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. ज्याला सगळं येतं त्याच्याशेजारी बसून कुणी काही शिकत नाही. त्यापेक्षा वर्गातल्या एखाद्या ढ पोराला समजावून सांगायला बसवा. ते पोर सुधारेल न सुधारेल, सांगणारी पोरगी मात्र पहिल्या पाचात येते.

तर असं यंत्र पूर्वी निघत असे, हे सरांना माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वीचे ते घरगुती कॉम्प्युटर. नुसता एक कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं सामान, आणि मागून निघणारी वायर घरातल्या टीव्हीला लावायची. बटण दाबलं की पडद्यावर एक चौकोन लुकलुकायला लागतो. बस्स. पुढं काय करायचं ते आपण सांगायचं, एकेका ओळीला आकडा घालून. एक खूण इकडची तिकडे झाली तरी यंत्र हात वर करून मोकळं. सरांच्या मते मास्तरकीला याहून चांगला विद्यार्थी जगात नव्हता.

सरांची शाळा विल्सन गार्डनच्या मागच्या गल्लीतली, कन्नड माध्यमाची. तिथल्या मुख्याध्यापिका श्यामला मॅडमना सरांचं कौतुक होतं, आणि दुपारच्या जेवणाच्या तांदळाची पोती ठेवायला जागा नव्हती. माडीवरची कोपऱ्यातली खोली त्यांनी पोत्यांसाठी हेरून ठेवली होती. शेवटी दोघांत ठरलं ते असं: शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की सरांनी तिथे वर्ग घ्यावा. दिवाळीपर्यंत निदान दहा मुलं नेमानं टिकली, तर वर्ग वेळापत्रकात कायमचा बसेल, आणि एप्रिलमध्ये सर रिटायर झाल्यावर जे कुणी येतील त्यांना तो चालवावाच लागेल. नाही टिकली, तर पोती. आपल्यामागे शाळेत एवढं एक राहावं असं सरांना फार वाटत होतं. हे ते कुणाजवळ बोलत नसत. फक्त बायकोजवळ रोज बोलत.

जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तीस हजार जमवून दिले होते. यंत्र निवडायचं काम सरांनी पुतण्यावर टाकलं. अभिजीत निपाणीचा, शिकला पुण्यात, आता मारतहळ्ळीला राहून कसल्याशा मोठ्या कंपनीत होता. त्यानं तीन दिवसांत एक तक्ता करून आणला. कुठल्या यंत्रात रंग किती, आवाज किती, मेमरी किती, अकरा रकाने. सरांनी चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं की बटण तुटलं तर एस. पी. रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळेल काय, जुन्या डबा टीव्हीला लागेल काय, आणि वीज गेली-आली तर टिकेल काय. याचे रकाने तक्त्यात नव्हते. अभिजीतनं ते मुकाट्यानं वाढवले, आणि वाढवल्याबरोबर यादीतली अर्धी नावं गळाली.

उरलेल्यांतलं काही मिळालं तर कोरमंगलात श्रीवत्सकडे मिळेल, असं कळलं. हा चाळिशीतला माणूस चांगली नोकरी सोडून जुनी यंत्रं दुरुस्त करत बसला होता. दोन पीजी होस्टेलांच्या मधे त्याचं बैठं घर, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. सर मास्तर आहेत म्हटल्यावर त्यानं खुर्चीवरचे तीन कीबोर्ड उचलून त्यांना बसवलं, कॉफी आणली आणि सरळ एक मोठं खोकं ओढून पुढ्यात ठेवलं. आत सहा कॉम्प्युटर होते, एका बंद पडलेल्या शिकवणीच्या माळ्यावरून आणलेले. कधीकाळी ते पांढरे असावेत. एकाचा कोपरा इस्त्रीनं वितळलेला, एकावर कर्कटकानं कुणाचं तरी नाव कोरलेलं. पाच चालू होते. सहाव्याच्या बटणांखालची पट्टी चिरली होती, पण तीही बदलता येण्यासारखी होती. मुलांसाठी हवेत ना, मग हीच न्या, असं श्रीवत्स कन्नडमधून म्हणाला. दणकट आहेत, आणि सहाही तुमच्या पैशांत बसतात.

सर खोक्याकडे बघत राहिले. त्यांच्या शाळेतले बाक दुसऱ्या शाळेनं टाकून दिलेले होते. वाचनालयातल्या पुस्तकांवर तिसऱ्याच शाळेचे शिक्के होते. ते आठ अतिशहाणे कॉम्प्युटरसुद्धा त्या कंपनीत नवे आले म्हणून इकडे आले होते. सरांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. काचेच्या कपाटात एक कॉम्प्युटर एकटाच ठेवलेला त्यांना दिसला. कोरा करकरीत. शेजारी त्याचं मूळ खोकं, थर्माकोलसकट, आणि पुस्तिका, जिची घडीही मोडली नव्हती.

“आमच्या पोरांना कायम दुसऱ्याचं उरलेलंच का?” सर म्हणाले.

अभिजीतनं समजावून बघितलं. “काका, पर चाइल्ड हिशेब केला तर सहाच वर्थ इट आहेत.”

“पर चाइल्ड म्हणजे काय रे? माझी पोरं आहेत ती.”

श्रीवत्सला तो कॉम्प्युटर विकायचा नव्हता, तो शोभेला ठेवलेला होता. पण समोर मास्तर, आणि मास्तरांचे डोळे भरून आलेले. शेवटी तो ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाला आणि कपाटाची किल्ली शोधायला गेला. तीस हजारांत एक यंत्र आलं.

माडीवरच्या खोलीत ते यंत्र असं काही विराजमान झालं की बघत राहावं. सरांनी घरचं सागवानी टेबल नेलं. त्यांच्या बायकोनं, शिवलीलाबाईंनी, पूर्वी टीव्हीसाठी क्रोशाचं एक कव्हर विणलं होतं, ते कपाटातून काढून धुऊन दिलं. पहिल्या शनिवारी बावीस पोरं आली. हात धुऊन, पुसून, रांगेनं उभी राहिली. प्रत्येकानं आपलं नाव एकदा त्या पडद्यावर उमटवायचं, असा सरांचा बेत होता. पहिल्या पोरानं उत्साहानं बोट खांद्यापर्यंत उचललं, आणि ते खाली यायच्या आत सरांनी त्याचं मनगट हवेतच धरलं. “थांब,” ते म्हणाले, “तू सांग, मी दाबतो.”

त्या दिवसापासून पद्धतच पडली. पोरांनी वहीत ओळी लिहून आणायच्या, सर त्या दोन बोटांनी, फुलाला हात लावावा तसं, टाइप करणार आणि पोरं मागे उभी राहून पडद्याकडे बघणार. चूक निघाली तर वही परत. सरांना ही पद्धत फार पसंत होती. पोरं विचार करून लिहितात, म्हणायचे. दुसऱ्या शनिवारी बावीसांची अठरा झाली, तिसऱ्या शनिवारी चौदा. सर म्हणाले, गाळ निघून गेला.

त्या चौदांत सातवीतली चंपा होती. तिची माणसं बिदरकडची, आई शाळेच्या कोपऱ्यावर फुलं विकायची. वर्गात ती सगळ्यांसारखी कन्नड बोलायची, पण जिन्यात सर एकटे सापडले की हळूच मराठीत शिरायची. एकदा तिनं विचारलं, “सर, बटण दाबल्यावर कसं लागतंय बोटाला? मऊ असतंय काय?” सरांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की मऊ म्हणता येणार नाही, मधे जरा अडतं आणि मग जातं. चंपानं हवेत बोट दाबून बघितलं. पुढच्या शनिवारी तिनं वहीच्या मलपृष्ठावर पेन्सिलीनं सबंध कीबोर्ड काढून आणला, एकूण एक बटण जागच्या जागी. त्यावर ती बोटं आपटत सराव करायची. बघता बघता सगळ्यांच्या वह्यांवर कीबोर्ड आले. सरांना इतका आनंद झाला की ते संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच सांगायला लागले. शिवलीलाबाईंनी भाकरी उलटली, पोरं गुणाची आहेत म्हणाल्या आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

मग दसरा आला. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीच शाळेत आयुधपूजा उरकून घेतात. त्या दिवशी शाळेतल्या एकाही वस्तूची सुटका नसते. शिपायाची सायकल, स्वयंपाकघरातला कुकर, शाळेची घंटा, ते आठ अतिशहाणे, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, सगळ्यांवर झेंडू चढला. मॅडमच्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. अंगणात कोहळा फोडायला सर पुढे होते. फोडून झाल्यावर चिरमुऱ्यांची पुडी घेऊन ते माडीवर आले.

क्रोशाचं कव्हर व्यवस्थित घडी घालून बाजूला ठेवलं होतं. यंत्राभोवती झेंडूची माळ होती, चंपाच्या आईच्या टोपलीतली, ताजी. आणि खालच्या लांब बटणावर हळदीचे पाच ओले ठिपके, प्रत्येकाच्या मधोमध कुंकू. अगदी समान अंतरावर. शेजारी चंपा हात जोडून उभी होती.

“कुणी सांगितलं तुला हात लावायला?”

सर असे ओरडले की अंगणातली पोरं गप्प झाली. चंपानं हळदीचं बोट पाठीमागं लपवलं. पूजा केली सर, एवढंच ती म्हणाली, तेही ऐकू येईल न येईल असं. मग ती जिना उतरून गेली. चिरमुरेही घेतले नाहीत. सर तासभर ते बटण पुसत होते. आधी कोरड्या फडक्यानं, मग ओल्या, मग साबणाच्या. कुंकू गेलं. हळदीचे पाच डाग मात्र राहिले.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी चार पोरं आली. चंपा नव्हती. श्यामला मॅडम सहज म्हणून वर आल्या, चार डोकी मोजली, खोलीच्या लांबीरुंदीवरून नजर फिरवली आणि सरांना फार प्रेमानं म्हणाल्या की तुम्ही दगदग करून घेऊ नका. तासाभरात तीन पोती वर आली. तात्पुरती, म्हणे.

त्या रात्री जेवायला बसल्यावर सरांनी सगळ्यांना नावं ठेवली. पोरांना चिकाटी नाही, आईबापांना किंमत नाही, मॅडमना तांदळापलीकडे काही दिसत नाही. शिवलीलाबाई अथणीच्या. त्या नवऱ्याचं सगळं बोलणं संपू देत, हा त्यांचा मोठा गुण. ताटात ताक वाढून झाल्यावर त्या म्हणाल्या, “ती पोरं वहीवर कीबोर्ड काढून आणायलीत म्हटलात, तेव्हाच मी बोलणार होते बघा.”

“मग बोलायचं होतंस की.”

“तुम्ही किती खूश होता.”

सरांनी ताकात मिठाची चिमूट टाकली.

“पाच शनिवारांत त्या पोरीनं एकदा बोट लावलं,” शिवलीलाबाई म्हणाल्या. “तेही देव म्हणून. मशीन म्हणून तुम्ही लावूच दिलं नाहीत.”

“मी त्यांना चांगलं द्यायला गेलो गं.”

“दिलात कुठं? आणून ठेवलात.”

बाईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. सरांना त्या पोरीचं पाठीमागे गेलेलं बोट दिसायला लागलं, आणि मग दुसरं काही दिसेना. आयुष्यभर त्यांनी एक गोष्ट अभिमानानं सांगितली होती, की पोराच्या अंगावर कधी हात उगारला नाही. आणि एका बटणासाठी ते एवढे ओरडले होते. स्वतःची इतकी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी ते खोकं मांडीवर घेऊन रिक्षानं कोरमंगलाला गेले. अभिजीतला बोलावलं नाही. श्रीवत्सनं यंत्र बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि खालच्या बटणाशी थांबला. हळद का, असं त्यानं विचारलं. सरांनी सगळं सांगितलं, स्वतःचं ओरडणंही वगळलं नाही. डागामुळे भाव उतरला असेल तर सहाच्या जागी चार द्या, म्हणाले, माझी तक्रार नाही. श्रीवत्स बराच वेळ त्या पाच ठिपक्यांवरून अंगठा फिरवत होता. हळद उन्हात जाते, असं तो म्हणाला, दोन दिवस गच्चीवर ठेवलं की साफ. मग यंत्र कपाटात आहे तसंच ठेवून त्यानं कुलूप लावलं, आणि सहाचं खोकं स्वतः रिक्षापर्यंत उचलून आणलं. सहावं बंद आहे, याची त्यानं पुन्हा आठवण करून दिली.

“तेच आधी लागेल,” सर म्हणाले. “पोरांना उघडून बघायला.”

संध्याकाळी ते शाळेच्या कोपऱ्यावर गेले. चंपा आईशेजारी बसून शेवंतीचा गजरा ओवत होती. मास्तर आलेले बघून आई घाबरून उभी राहिली, पोरीनं काय केलं आता, असं तिच्या चेहऱ्यावर. सरांनी तिला बसायला सांगितलं. मग जे बोलायचं म्हणून वाटेत चारदा घोकलं होतं ते सगळं विसरून ते चंपाला म्हणाले, “मी चुकलो. तू काही बिघडवलं नव्हतंस.”

चंपानं खाली बघत दोन फुलं ओवली. मास्तरानं असं म्हटल्यावर काय म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. “डाग गेला काय सर?” तिनं विचारलं.

“मशीनच परत दिलं. त्याच्या बदल्यात सहा आणलीत. जुनी आहेत, दिसायला चांगली नाहीत.”

“मऊ आहेत काय?”

“मला माहीत नाही,” सर म्हणाले. “मी दाबून बघितलेली नाहीत.”

चंपानं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या आईनं सुईदोरा खाली ठेवून सरांच्या हातात वीतभर गजरा दिला आणि पैसे घेतले नाहीत. शिवलीलाबाईंनी तो माळला.

पुढच्या शनिवारपर्यंत धावपळ झाली ती झालीच. भंगारवाल्याकडून दोन डबा टीव्ही आले, एका पोराच्या आजोबांनी माळ्यावरचा दिला, दोन अभिजीतनं सर्जापूर रोडवरच्या मित्रांकडून मिळवले आणि गाडीत घालून आणले. ते जिन्यानं वर चढवताना त्याचा शर्ट फाटला. क्रोशाचं कव्हर घरी परत गेलं. त्या चार पोरांनी आठवडाभर काय कुजबूज केली कोण जाणे, शनिवारी वर सतरा पोरं होती. हात धुतले का, हे सरांनी विचारलं नाही. बंद पडलेल्या सहाव्याभोवती पाच जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले, बाकीच्यांनी एकेक यंत्र वाटून घेतलं. सर मागच्या भिंतीशी तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसले आणि आपले दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घेतले. त्यांना स्वतःचा अजून भरवसा नव्हता.

खोलीत कधी नव्हता एवढा आवाज झाला. खटाखट, खटाखट, आणि प्रत्येक टीव्हीवर चुकाच चुका. एकाला स्वतःचं नाव शंभर वेळा छापायचं होतं, ते थांबेचना. एका पोरीनं चूक शेजारणीला दाखवली, शेजारणीनं तिसरीला बोलावलं, आणि तिघींनी ती शोधून काढली. सर दोनदा उठायला गेले आणि दोनदा बसले. त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

चंपाकडे इस्त्रीनं वितळलेल्या कोपऱ्याचं यंत्र आलं होतं. ती वहीवर आपटायची तशीच बोटं आपटत होती, जोरात. सातव्या की आठव्या ओळीला उजवीकडचं, ओळ संपवायचं मोठं बटण फटकन उडालं, भिंतीवर आपटलं आणि गडगडत सरांच्या पायाशी येऊन थांबलं. आवाज बंद झाला. सोळा पोरांनी एकदम सरांकडे बघितलं. सरांचे हात मांड्यांखालून हलले नाहीत.

चंपा मात्र बटण उडालेल्या जागेकडे बघत होती. तिथे आतला बोटाएवढा खुंट वर आला होता. तिनं त्याच्यावर हळूच बोट टेकवलं, जरा अडलं तसं थोडं रेटलं. टीव्हीवर ओळ सरकून वर गेली. चंपानं पुढची ओळ लिहायला घेतली. सरांकडे तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.